बुधवार-शनिवारचे आकडे

६ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार. साष्टांग घालत नाही, कारण पोटावर सध्या इंजेक्शनांच्या जागा आहेत आणि पालथं पडलं की त्या कुरकुरतात.

फोनवरचे आकडे हवेत विरतात, सगळं क्रमाने लिहून पाठव, असं तू म्हणालीस. म्हणून क्रमाने लिहिते. दोन महिने मला सारखी तहान लागत होती. वर्गातून सारखी बाहेर जाते म्हणून बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. कपडे सैल झाले, तर बाबा म्हणाले उंची वाढते आहे. मग फळा धुरकट दिसायला लागला. आई चष्म्याच्या दुकानातच कामाला असल्यामुळे नंबर काढून घेतला. आठ दिवसांनी तो बदलला. आणखी चार दिवसांनी परत बदलला. तेव्हा दुकानाचे मालक आईला म्हणाले, "डोळ्यांचा नंबर असा आठवड्याला हलत नाही. पोरीचं रक्त तपासा." त्याच दुपारी तपासलं. मीटरवर ४१२. तिथून सरळ हॉस्पिटल, आणि सहा दिवसांनी घरी.

आता चार वेळा बोट टोचायचं, चार वेळा इन्सुलिनचं पेन. ते मला जमतं, आईपेक्षा माझा हात कमी थरथरतो. पण दोन गोष्टी सांग. शेजारच्या काकू म्हणतात की गोड खाऊनच हे झालं. खरं का? आणि मीच का, हे मी विचारणार नाहीये, पण तुला माहीत असेल तर सांग.

चांगली बातमी म्हणजे बुधवारी दुपारी आणि शनिवारी बाबांच्या जलरंगांच्या वर्कशॉपात जायला डॉक्टरांनी हो म्हटलं आहे. आणि बाबांनी मला बढती दिली आहे. आतापर्यंत मी नुसत्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे. आता बाबांनी काचेवर घोटलेला ओला रंग मी पत्र्याच्या बारक्या खणांत भरते आणि डाव्या हाताच्या बोटांनी दाबून वड्या बसवते. आजोबा गेल्यापासून हे काम दुसऱ्या कुणाला दिलेलं नव्हतं. अडचण एकच आहे. नर्सबाई म्हणतात, टोचण्याआधी दर वेळी साबणाने हात धू. वर्कशॉप माडीवर, नळ खाली अंगणात, मध्ये अडतीस पायऱ्या. मला सुईपेक्षा तो जिना जास्त टोचतो.

तुझी,
ठिपका

१३ फेब्रुवारी

चि. ठिपक्यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे काढली, पण इतक्या नीट क्रमाने लिहिलेला अहवाल माझ्या हाताखालच्या फार थोड्या लोकांनी मला दिला असेल.

आधी काकूंचे. त्यांना माझा नमस्कार सांग आणि सांग की तुझा मधुमेह गोड खाण्याने झालेला नाही. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातल्या काही पेशी इन्सुलिन तयार करतात. शरीराचे रखवालदार, जे एरवी जंतूंना हाकलतात, त्यांनी तुझ्या बाबतीत घरच्याच माणसांना चोर समजून मारले. रखवालदार असे का करतात हे अजून कुणालाच पुरते ठाऊक नाही. "मीच का" याचे प्रामाणिक उत्तर एवढेच आहे. त्यात तुझी चूक नाही, आईबाबांची नाही आणि कुठल्याही मिठाईची नाही.

आता इन्सुलिन करते काय? तू रंगाऱ्याची मुलगी आहेस, म्हणून तुझ्याच टेबलावरचे उदाहरण घेते. रंगाची कोरडी पूड कागदावर टाकली तर ती कागदावर असते, पण कागदाची होत नाही. फुंकर मारली की उडते, पाणी ओतले की वाहून जाते. तिला कागदात बसवते ते तुमचे डिंकाचे पाणी. अन्नातून आलेली साखर म्हणजे ती पूड आणि इन्सुलिन म्हणजे डिंकाचे पाणी. ते नसले की साखर रक्तात भरपूर असते, पण पेशींना मिळत नाही. आता बघ, तुझी एकेक तक्रार कशी उलगडते. न बसलेली साखर लघवीवाटे वाहून जाते आणि जाताना पाणी ओढून नेते, म्हणून तहान. पेशी उपाशी राहतात आणि शरीर स्वतःचीच चरबी व स्नायू जाळू लागते, म्हणून सैल कपडे. डोळ्यातले भिंग साखरेच्या चढउताराबरोबर फुगते आणि ओसरते, म्हणून हलता नंबर. तीन तक्रारी, कारण एक. आईच्या मालकांना माझा विशेष नमस्कार. चष्मा विकणे सोडून त्यांनी तुला हॉस्पिटलची वाट दाखवली.

उपमा लंगडी आहे, हेही सांगून ठेवते. डिंक जास्त झाला तर वडी फक्त चकाकते. इन्सुलिन जास्त झाले तर साखर खाली जाते, हात थरथरतात, घाम फुटतो, डोके चालेनासे होते. तेव्हा शिस्त पाळायची नाही, साखर खायची: ग्लुकोजच्या गोळ्या किंवा तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. गोळ्या ॲप्रनच्या खिशात ठेव, खुंटीवरच्या दप्तरात नको.

एक वही कर. तारीख, वेळ, आकडा आणि आधीच्या तासाभरात काय केले. आकडा चांगला की वाईट ते लिहू नकोस. आकडा हा आकडा असतो, त्याला गुण द्यायचे नसतात.

जिन्याचा तोडगा सोबत पाठवत आहे. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या पुसण्यांच्या पाकिटांचा हा डबा आहे, शंभर पाकिटे. नर्सबाईंचे बरोबरच आहे, पण वर्कशॉपात असताना पुसणीने बोट स्वच्छ पुसले आणि वाळू दिले की पुरे. प्रयोगशाळेत आम्ही हेच वापरत होतो. अडतीस पायऱ्या वाचव.

तुझी,
आत्या

२ मार्च

ती. आत्यास नमस्कार. जागा आता मांडीवर आहेत, त्यामुळे गुडघे टेकून.

काकूंना रखवालदारांची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "हो का? तरी पण गोड कमीच खा." पूड आणि डिंकाचं उदाहरण मात्र मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलं. आता माझ्या बाहेर जाण्यावर कुणी हसत नाही, उलट दोघीजणी सोबत यायला बघतात, विशेषतः गणिताच्या तासाला.

वहीचं एक पान उतरवून पाठवते. घरी आणि शाळेत आकडे बहुतेक ९० ते १६० असतात. डॉक्टर म्हणाल्या, सत्तर ते एकशेऐंशीच्या मध्ये जितका जास्त वेळ, तितकं छान. पण बुधवारी चार वाजता २१८, शनिवारी दुपारी २३१ आणि चार वाजता २४४. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. तुझ्या पुसण्या मी नेमाने वापरते. निळा, तांबडा सगळा रंग निघून बोट कागदासारखं पांढरं होतं.

आई विचारत होती की वर्कशॉपात काय खाल्लंस. काही नाही, म्हटलं. तिथे चित्रकार गिऱ्हाइकांसाठी बाबा बिस्किटांचा डबा ठेवतात, तुला माहीत आहे. आईने तो उघडून आत किती आहेत ते पाहिलं. मी बघते आहे हे तिला कळलं नाही, पण मी पाहिलं.

एक गंमत. या वर्षी वर्कशॉपात मुंग्या झाल्या आहेत. ओळीने येतात आणि वड्या वाळत घातलेल्या तबकावर चढतात. त्यांना निळा रंग सगळ्यात आवडतो असं दिसतं. बाबा त्यांना ब्रशने झाडतात आणि हसत नाहीत. आई म्हणते बिस्किटांचे कण सांडले असतील.

तुझी,
ठिपका

९ मार्च

चि. ठिपक्यास आशीर्वाद.

वहीचे पान सुरेख आहे. आता आपण दोघी मिळून शोध घेऊ. शोधाचा पहिला नियम असा की एका आकड्याने घाबरायचे नाही, पण तोच आकडा त्याच जागी चारदा आला तर मान वळवायची नाही.

बुधवार आणि शनिवार. दोन्ही दिवशी जागा वर्कशॉप. मग वर्कशॉपात असे काय आहे? हाताला लागलेली साखर मीटरला फसवू शकते, म्हणून मी प्रथम तुझ्या हातांचा विचार केला. तुझ्या आजोबांचे डिंकाचे पाणी मला तोंडपाठ आहे, कारण लहानपणी ते ढवळायला मीच उभी असायचे: डिंक, ग्लिसरीन, चार थेंब लवंगेचे तेल. यातले काहीही मीटरला साखर म्हणून दिसणार नाही. शिवाय तू बोट पुसतेस. तेव्हा हात सुटले. वड्या दाबण्याचे काम अंगमेहनतीचे आहे, त्याने साखर बहुधा उतरेल. तीही शक्यता बाजूला ठेवू.

उरते काय, हे तुलाही दिसत असेल. म्हणून एक सांगते, आणि ते रागाने नाही. तुझ्यासाठी बिस्कीट हे विष नाही. ते मोजायचे, त्यातल्या पिठासाखरेइतके इन्सुलिन डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे घ्यायचे आणि उघडपणे खायचे. लपवायची वेळ येते ती बंदीमुळे. तेराव्या वर्षी, दिवसभर सुया टोचून घेणाऱ्या मुलीचा हात कधी डब्याकडे गेला तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त वहीत लिही. मी आईला सांगणार नाही.

तुझी,
आत्या

१५ मार्च

ती. आत्यास,

मी खाल्लं नाही.

आई आता घरी आल्यावर माझ्या ॲप्रनचे खिसे उलटे करते. त्यांत ग्लुकोजच्या गोळ्या असतात, त्या मोजते आणि परत ठेवते. बाबा काही बोलत नाहीत. मला वाटलं होतं तू तरी विचारशील, खाल्लंस का. तू विचारलं नाहीस. लपवलं तरी चालेल असं सांगितलंस.

पुसण्या अजून पुष्कळ आहेत, आणखी पाठवू नकोस.

ठिपका

२२ एप्रिल

ती. वन्संना सा. न.

मी पत्र लिहिणारी नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तुमची दोन पत्रं आली ती पोरीने फोडली नाहीत, दिवाणावर तशीच आहेत. म्हणून मीच लिहिते.

मागच्या शनिवारी चार वाजता वर्कशॉपात तिचा आकडा २८६ आला. अडीचशेच्या वर गेला तर दोन युनिट जादा द्यायचे, असं डॉक्टरांनी तक्त्यात लिहून दिलं आहे. एका युनिटने साधारण पन्नास उतरतात, असंही सांगितलं होतं. मी दुकानातून फोनवर सांगितलं, घे. तिने घेतलं आणि तडक घरी आली, हातपाय धुतले, अभ्यासाला बसली. मी सहाला पोचले तर वहीवर पेन्सिल नुसती फिरते आहे, अक्षर नाही. कपाळावर घाम. मोजलं तर ४८. साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी ७९ आलं. मग पाव दिला. ती लगेच सावरली, मला मात्र बराच वेळ लागला.

तुमचा भाऊ म्हणाला, "आता वर्कशॉपात यायचं नाही." तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि ॲप्रन घडी करून त्याच्या खुर्चीवर ठेवला. तेव्हापासून जेवायला बस म्हटलं की बसते, मोज म्हटलं की मोजते, आणि विचारल्याशिवाय एक शब्द नाही.

काल तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी झाली. डॉक्टर म्हणाल्या, फार छान आहे, चोरून खाणाऱ्या मुलांची अशी येत नाही. मी वही पुढे केली. त्यांनी दोन वेळा बघितलं आणि म्हणाल्या, या दोन दिवसांचं मला कोडं आहे, तोवर जादा डोस द्यायच्या आधी मला फोन करत जा.

वन्सं, मी दिवसभर काचा घासते. काच तिरकी लागली तर माणसाला सरळ भिंत वाकडी दिसते, भिंतीचा दोष नसतो. मी माझ्या पोरीकडे कुठल्या काचेतून बघते आहे तेवढं मला सांगा.

तुमची,
वहिनी

२७ एप्रिल

चि. ठिपक्यास,

हे पत्र तू फोडशील की नाही हे मला ठाऊक नाही. म्हणून पाकिटावरच लिहिले आहे: "तू खाल्ले नाहीस. आत पुरावा आहे."

पुरावा असा. तुझा शनिवारचा आकडा २८६ होता. दोन युनिट म्हणजे साधारण शंभरची उतरण. २८६ मधून शंभर गेले की उरायला हवेत एकशेशहाऐंशीच्या आसपास. उरले ४८. आता हेच गणित उलटे वाच. ४८ मध्ये शंभर मिळव. एकशेअठ्ठेचाळीस. म्हणजे चार वाजता तुझ्या रक्तात बहुधा दीडशेच्या जवळपासच साखर होती. अचूक आकडा मी सांगू शकत नाही, रक्त काही शाळेतली वजाबाकी नव्हे, पण २८६ नव्हती हे नक्की. रक्त खरे बोलत होते. मीटरला जो थेंब दिसला, त्यात रक्ताखेरीज आणखी काहीतरी होते. आणि ४८ हा आकडा कुठे निघाला? घरी. कशानंतर? साबणाने हात धुतल्यानंतर.

आणखी एक गोष्ट, जी मला पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. चोरून खाणारे मूल वहीत आकडा कमी लिहिते. तू प्रत्येक वेळी जास्त लिहिलास, ठळक, तारीखवेळेसह, आणि तो मला उतरवून पाठवलास. आपल्याच विरुद्ध इतका व्यवस्थित पुरावा कुणी चोर ठेवत नाही.

आता माझी चूक. स्पिरिटच्या पुसण्या मी पाठवल्या. स्पिरिट जंतू मारते, तेलकटपणा काढते, रंगही काढते. पण साखर स्पिरिटात फारशी विरघळत नाही, ती पाण्यात विरघळते. हे मला शाळेपासून माहीत आहे. प्रयोगशाळेत पुसण्या चालत, कारण आमच्या हाताला साखर नसे. नर्सबाईंचा साधा, बरोबर नियम मी माझ्या हुशारीने मोडला आणि त्याची किंमत तू भरलीस. ही चूक तुझ्या आईची नाही. तिने डॉक्टरांचा तक्ता पाळला. तिला हे वाचून दाखव.

मग साखर आली कुठून? तुझ्या मुंग्या आठवतात? त्या बिस्किटांच्या डब्याकडे जात नव्हत्या, वड्यांच्या तबकावर चढत होत्या. तू स्पष्ट लिहिले होतेस. मी वाचले, पण ऐकले नाही, कारण तबकात गोड काही असूच शकत नाही हे मला "तोंडपाठ" होते. मुंग्यांना काहीच तोंडपाठ नसते, म्हणून त्या चुकल्या नाहीत.

त्या वड्यांत काय आहे ते मला माहीत नाही. म्हणून आपण अंदाज करणार नाही, मोजणार. एक दिवस, आईबाबा दोघेही समोर असताना, नेहमीसारख्या दहा वड्या दाब. बोट पुसणीने पूस, वाळू दे, टोच, मोज, लिही. लगेच खाली जा, साबणाने आणि भरपूर पाण्याने हात धू, कोरडे कर, त्याच बोटाशेजारी टोच, मोज, लिही. पाच मिनिटांत रक्तातली साखर फारशी हलत नाही. दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर मी पुन्हा चुकले. दूर असतील तर त्यांच्यातले अंतर हे तुझे नाही, तुझ्या बोटावरचे आहे. दुसऱ्या आकड्यावरच विश्वास ठेवायचा. पहिल्यावरून कुणी इन्सुलिन देऊ नये.

मार्चमध्ये मी तुला विचारायला हवे होते. विचारले नाही. आता विचारत नाही, कारण आता गरज नाही.

तुझी,
आत्या

४ मे

ती. आत्यास नमस्कार.

पत्र फोडलं. पाकिटावरचं आधी पोस्टमनने वाचलं होतं, त्याने विचारलं, काय नाही खाल्लंस? मी सांगितलं, बिस्कीट. तो म्हणाला, मग ठीक.

मी ते आईला वाचून दाखवलं. "ही चूक तुझ्या आईची नाही" इथे आल्यावर आईने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पुढचं स्वतः वाचलं. मग ती बाबांकडे गेली आणि म्हणाली, शनिवारी पोरगी वर्कशॉपात येणार, मीही येणार. बाबा म्हणाले, कशाला उगाच. आई म्हणाली, "उगाच नाही. मला बघायचंय."

दहा वड्या दाबल्या, पिवळ्या. पुसलं, वाळू दिलं, मोजलं. २५१. आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. अडतीस पायऱ्या उतरले, ती मागे. नळाखाली हात धुतले, आईने पदराने नाही, स्वच्छ टॉवेलने पुसले. वर आले, मोजलं.

११७.

आईने आकडा वहीत स्वतः लिहिला. मग खुर्चीवर पडलेल्या माझ्या ॲप्रनचे खिसे तिने सरळ केले, म्हणजे ते सरळच होते, तरी केले. बाबा काचेवर रंग घोटत होते ते थांबले. तबकाकडे बघत राहिले. ते फक्त म्हणाले, "माप बरोबर आहे." आणि खाली निघून गेले. बऱ्याच वेळाने पाण्याची बादली आणि साबण घेऊन वर आले, बादली माझ्या टेबलाशेजारी ठेवली आणि परत घोटायला लागले.

आत्या, डिंकाच्या पाण्यात काय आहे ते मला माहीत नाही. ते बाबा एकटेच पहाटे करतात. आपल्यात ते कुणी कुणाला विचारत नाही, तूच सांगितलं होतंस ना?

तुझी,
ठिपका

६ मे

ती. ताईस नमस्कार.

मध.

बाबा गेले त्यानंतरच्या थंडीत डिंक निराळा येऊ लागला. ग्लिसरीन घालूनही वड्या तडकायच्या, डबेच्या डबे परत आले. तीन महिने मी सगळं करून पाहिलं. शेवटी मध घातला. वडी बसली, नुसती बसली नाही, ब्रश लावला की लोण्यासारखी सुटते. गिऱ्हाईक म्हणायला लागलं, हात आता वडिलांवर गेला. मी काय सांगणार? बाबा काय म्हणायचे तुला आठवत असेल. मध घालणारा रंगारी माणसांसाठी नाही, मुंग्यांसाठी रंग करतो. डब्याच्या झाकणावर अजून "वडिलांच्या पद्धतीने" असं छापलेलं आहे. ते खोडायची माझी हिंमत झाली नाही.

वाईट याचं नाही. तुझं नऊ मार्चचं पत्र तिने मला वाचून दाखवलं होतं. डिंक, ग्लिसरीन, लवंगेचं तेल. तू लिहिलं होतंस की हातावरची साखर मीटरला फसवते. मी ऐकलं. माझ्या मनात आलं, ताई. एक क्षण आलं. मग म्हटलं, पोरगी बोट पुसते, एवढ्याशाने काय होणार. आणि गप्प बसलो, कारण बोलायला तोंड उघडलं असतं तर मध बाहेर आला असता. त्यानंतर सहा आठवडे माझ्या देखत तिच्या खिशांची झडती होत होती. शेवटी तिला मीच वर्कशॉप बंद केलं.

तिला हे कसं सांगू ते तू सांग. तू समजावून सांगतेस ते सगळ्यांना कळतं.

तुझा,
धाकटा

१० मे

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आयुष्यात प्रथमच मी काही समजावून सांगणार नाही. तू मला लिहिलेस तेच, तसेच, तिला सांग. आईच्या देखत सांग. मीही चुकले आणि कारणासहित माफी मागितली. तुझे कारण माझ्यापेक्षा सोपे आहे, एका शब्दाचे.

आणि बाबांचे म्हणशील तर, त्यांच्या वड्याही तडकायच्या. आम्ही दोघे त्या फोडून पुन्हा भिजवत असू. तू तेव्हा पाळण्यात होतास. त्यांनी तुला कधी सांगितले नाही, एवढेच.

ताई

१९ मे

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. या वेळी खरा, जमिनीवर. जागा आता दंडावर आहेत.

बाबांनी सांगितलं. मला रागच आला होता, आणि तो बिस्किटांचा नव्हता. मग त्यांनी विचारलं, "ॲप्रन घालणार का?" मी म्हटलं, आधी डिंकाचं पाणी शिकवा. आई म्हणाली, आजच्या आजच. म्हणून भर दुपारी, पहाटे नाही, आम्ही तिघांनी ते केलं. बाबा प्रत्येक वस्तू हातात घेऊन मोठ्याने नाव सांगत होते, जणू काही ऐकणारे शंभर जण बसले आहेत. डिंक. पाणी. मध. लवंगेचं तेल. चार थेंब, आजोबांचे तेवढे तसेच ठेवले आहेत.

डॉक्टरांना फोन केला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, हे मी पुढच्या मुलांना सांगणार. बुधवार-शनिवारचे आकडे आता ११०, १३४, ९७. एकदा १९० आला, तो खरा होता, मी पावाचा अंदाज चुकवला होता. तो मी वहीत गुण न देता लिहिला. तुझ्या पुसण्यांची ऐंशी पाकिटं उरली आहेत. आईने ती दुकानात काचा पुसायला नेली.

झाकणं नवी छापून आली. "वडिलांच्या पद्धतीने" काढलं. त्या जागी "मध घालून घोटलेले" आहे. त्याखाली बारीक अक्षरात मी एक ओळ घालायला लावली: "वापरानंतर हात पाण्याने धुवावेत." बाबा म्हणाले, असं कुणी रंगावर लिहितं का? मी म्हटलं, आपण लिहितो.

आणि शेवटचं. शनिवारी चार वाजता हात धुतले, मोजलं, तक्ता पाहिला, हिशोब करून इन्सुलिन घेतलं. मग बाबांनी गिऱ्हाइकांचा डबा काढला, आईने स्वतः झाकण उघडून माझ्यापुढे धरला आणि आम्ही तिघांनी प्रत्येकी दोन बिस्किटं खाल्ली. त्या डब्यातलं मी पहिल्यांदाच खाल्लं, आत्या.

सादळलेली होती.

तुझी,
ठिपका